मिस फरार यांची वंशावळ

२९ डिसेंबर १८२७. मुंबईत सर जॉन माल्कम गव्हर्नर होऊन दोन महिने झाले होते. एल्फिन्स्टनसाहेब नोव्हेंबरातच निघून गेले होते आणि त्यांच्या नावानं फंड उभा करून विलायतेहून प्रोफेसर आणायच्या गोष्टी शहरातली बडी मंडळी करत होती. त्या दिवशी अमेरिकन मिशनची पाच माणसं मुंबईत पोचली. त्यांत दोन जोडपी होती, रेव्हरंड ॲलन पतिपत्नी आणि रेव्हरंड स्टोन पतिपत्नी. पाचवी बाई एकटी होती. सिंथिया फरार, वय बत्तीस, अविवाहित. जूनमध्ये बॉस्टनहून निघालेली ही मंडळी आधी कलकत्त्याला लागली आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं इकडे आली. सिंथियाबाई आल्या होत्या त्या मुलींच्या शाळा सांभाळायला.

मराठी वाचकाला हे नाव अगदीच परकं नाही. जोतिराव-सावित्रीबाईंचं कुठलंही चरित्र उघडा, एखाद्या पानावर ‘नगरच्या मिस फरार’ येतात आणि पान उलटायच्या आत निघूनही जातात. दहा वर्षं मुंबईत, मग वीसहून अधिक वर्षं नगरला, शेवटी देहही नगरलाच ठेवलेला. एवढ्या आयुष्याला आपण दीड वाक्य दिलं. आपल्याकडे नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ आणि दुसरा ‘कुणापैकी?’ असतो. या बाईंना मात्र हे दोन्ही प्रश्न विचारायचे राहून गेले.

मी राहतो त्या अँटॉप हिलला तर या दोन प्रश्नांवाचून कुणाचं पान हलत नाही. केंद्र सरकारच्या वसाहतीत बदलीवर आलेली माणसं, पलीकडे शीव कोळीवाड्यात फाळणीनंतर वसवलेली पंजाबी कुटुंबं, वडाळ्याच्या अंगाला उत्तर प्रदेश, तमिळनाडू, मराठवाडा. सगळ्यांची मुळं दुसरीकडे आणि त्या मुळांचे कागद आणखी तिसरीकडे. पंजाब्यांच्या पिढ्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत, आपल्याकडच्या कित्येकांच्या नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीत. कोल्हापूर-बेळगावकडचा कुणी असेल तर त्याचे पूर्वज वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याला पाठ. कोकणस्थांचा मामला वेगळा. लेखणी हाती असल्यामुळे त्यांनी आपापले कुलवृत्तांत शंभर वर्षांपूर्वीच छापायला घेतले.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांना वंशावळ हवी असते ती हौसेपायी नव्हे. मुलाची बारावी झाली, इंजिनीअरिंगला जागा मिळाली, की जात पडताळणी समितीपुढे कागद ठेवावे लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मग आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या शाळेतल्या रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४, कोतवाल बुक, आणि मोडी निघालीच तर मोडी वाचणारा. या सगळ्यावर प्रतिज्ञापत्राला जोडलेला एक कागद असतो. सर्वांत वर खापरपणजोबा, खाली पणजोबा, त्यांना तीन फाटे, मधल्या फाट्याला आजोबा, त्यांना दोन फाटे, आणि तळाशी अर्जदाराचं नाव चौकटीत. आमच्या विंगेतल्या एका काकांच्या मुलीचा अर्ज होता आणि तो कागद नीट लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

‘‘काका, काकूंचं माहेर कुठं दाखवायचं?’’

‘‘ते लागत नाही रे. बापाकडनंच जायचं वर.’’

अर्ज मुलीचा होता, पण तिच्या वरच्या चार पिढ्यांत एकही बाई नव्हती. आजी नाही, पणजी नाही, आत्याही नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरं उपसली, पुढच्या जानेवारीत ‘सगेसोयरे’ कुणाला म्हणायचं यावर अधिसूचनेचा मसुदा निघाला आणि सगळ्या महाराष्ट्रानं एकदम विचारलं, आईकडून मोजायचं की नाही? तो वाद इथे नको. पण बापाकडूनच वर जाण्याची आपली सवय किती मुरलेली आहे ते त्या निमित्तानं दिसलं.

आता सिंथियाबाईंकडे. त्यांचं गाव मार्लबरो, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या चेशायर परगण्यात, मोनॅडनॉक डोंगराच्या सावलीत. जन्म २० एप्रिल १७९५. वडील फिनिआस फरार, आई ॲबिगेल, माहेरची स्टोन. आईचं माहेर इतक्या सहज सांगता येतं, कारण तिकडच्या कागदांत ते असतं. न्यू इंग्लंडच्या प्रदेशात ही सवय फार जुनी. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं १६३९मध्येच हुकूम काढला की प्रत्येक गावानं जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहून ठेवावेत. प्लिमथला पहिलं जहाज लागून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. जंगल तोडून घरं बांधायची होती, हिवाळ्यात माणसं मरत होती, आणि गावचा कारकून वहीत लिहीत होता की अमक्याला अमकीपासून मुलगी झाली. याच्या जोडीला चर्चच्या सभासदांची यादी, मृत्युपत्र, मयताच्या घरातल्या भांड्याकुंड्यांची मोजदाद आणि घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर बापानं लिहिलेल्या मुलांच्या जन्मतारखा. स्मशानात पाटीच्या काळ्या दगडाचे फलक असत, त्यांवर पंख फुटलेली कवटी आणि खाली ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची मुलगी’ असं कोरलेलं.

एक कागद मला विशेष आवडतो. गावात नवं कुटुंब राहायला आलं की कॉन्स्टेबल त्यांच्या दारात जाऊन निघून जायची नोटीस देई. हाकलायचंच असे असं नाही, पण पुढेमागे त्या घरावर भीक मागायची पाळी आली तर गावानं पोसायचं नाही, यासाठीची ती तजवीज. अठराव्या शतकात अशा हजारो नोटिसा निघाल्या. कुटुंबातल्या माणसांची नावं आणि आधीचं गाव त्यात असे. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, मृत्युपत्र नव्हतं, त्यांचा पत्ता आज या हाकलण्याच्या कागदातून लागतो. दारिद्र्याची कुठेतरी नोंद झाली एवढाच त्यांचा फायदा.

सिंथियाचं माहेर त्या थरातलं नव्हतं. शेतकरी घर होतं. मार्लबरो आधी नुसत्या आकड्यानं ओळखलं जाई, ‘मोनॅडनॉक नंबर पाच’. नकाशावर चौकोन आखून जमिनी वाटल्या आणि मॅसॅच्युसेट्समधली दाटी सोडून आलेल्या घरांनी तिथे गाव उभं केलं. बरेचजण तिकडच्या जुन्या मार्लबरोचे, म्हणून गावाला तेच नाव. १७७६मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या वर्षीच, गावाची रीतसर स्थापना झाली. वर नापीक डोंगरउतार, जमिनीत दगडच दगड, आणि ते वेचून बांधलेल्या बांधांच्या ओळी.

इथून मागे जाताना हौशी संशोधकाचा पाय नेमका घसरतो. फरार आडनावाची घराणी न्यू इंग्लंडमध्ये एकाहून जास्त आहेत. लिन गावच्या टॉमस फरार नावाच्या म्हाताऱ्याला १६९२मध्ये सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांत पकडून तुरुंगात टाकलं होतं. लँकेस्टर गावचा जेकब फरार ऑगस्ट १६७५मध्ये मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारला गेला. दोन्ही कथा रंगतदार, दोन्ही कुठल्याही फरारला आपल्या झाडावर टांगाव्याशा वाटतील. आपल्याकडे भोसले म्हटला की छत्रपतींचा आणि जाधव म्हटला की सिंदखेडचा, तशातली गत. आडनाव जुळलं म्हणजे रक्त जुळलं असं होत नाही. मधल्या प्रत्येक पिढीचा जन्म कुठल्यातरी वहीत सापडावा लागतो. या खबरदारीचीही तिकडे संस्था झाली. बॉस्टनला १८४५मध्ये न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिॲलॉजिकल सोसायटी निघाली आणि मग गावोगावी इतिहासाचे जाडजूड ग्रंथ छापले गेले. मार्लबरोचा ग्रंथ चार्ल्स बेमिस यांनी १८८१मध्ये काढला. अशा ग्रंथांचा अर्धाअधिक भाग घराण्यांच्या याद्यांनी भरलेला असतो. मुलींची नावं, जन्मतारखा, कुणाशी लग्न झालं, सगळं. आमच्या काकांच्या कागदापेक्षा हे नक्कीच उजवं.

पण या झाडांच्या खाली जमीन कुणाची होती तेही पाहिलं पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधलं जुनं मार्लबरो १६६०चं. त्याच्या शेजारीच ओकोमकमेसिट नावाची मूळ रहिवाशांची वस्ती होती. जॉन एलियट या पाद्र्यानं बाटवलेल्या लोकांच्या ज्या वस्त्या होत्या, त्यांतली ही एक. एलियटनं त्यांच्या भाषेत बायबल उतरवलं आणि १६६३मध्ये ते छापलं. अमेरिकेत छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल इंग्रजीत नव्हतं, ते या मॅसॅच्युसेट भाषेत होतं. १६७५मध्ये गोरे आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा गोऱ्यांनी या बाटलेल्या, निष्ठावंत शेजाऱ्यांनाही सोडलं नाही. त्यांतल्या शेकडोंना बॉस्टनच्या समुद्रातल्या डिअर बेटावर नेऊन टाकलं. हिवाळ्यात भुकेनं आणि थंडीनं पुष्कळ मेले. ओकोमकमेसिटची जमीन पुढे मार्लबरोकरांच्या पोटात गेली. त्या वस्तीतल्या मुलीची वंशावळ शोधायला गेलं तर कारकुनाची वही उपयोगाची नाही. तिथे तिला स्थानच नव्हतं.

परक्या लोकांची भाषा शिका, त्यात बायबल छापा, शाळा काढा, माणसं धर्मात घ्या, हा एलियटचा धडा न्यू इंग्लंडचे पाद्री विसरले नाहीत. १८१०मध्ये अमेरिकन बोर्ड नावाची मिशनरी संस्था निघाली आणि तिचं पहिलं परदेशी ठाणं ठरलं मुंबई. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये इथे उतरले. कलकत्त्याच्या सरकारनं त्यांना आधीच निघून जायला सांगितलेलं. इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध चालू, त्यात कंपनीला पाद्री नकोत. दोघे चोरून जहाजानं कोचीनला पळाले, तिथे पकडले गेले आणि परत मुंबईत आणले गेले. गव्हर्नर नेपियन माणूस भला. त्यानं घाई केली नाही, आणि तेवढ्यात कंपनीच्या नव्या सनदेनं पाद्र्यांना वाट मोकळी झाली. मिशननं छापखाना घातला आणि १८१७मध्ये मत्तयचं शुभवर्तमान मराठीत छापलं. ओकोमकमेसिटपासून मुंबईपर्यंतची ही मिशनची वंशावळ, घराण्यांच्या वंशावळीपेक्षा जास्त सलग.

१८१८मध्ये ॲलन ग्रेव्ह्ज आणि त्यांची पत्नी मेरी यांनी माहीमला बिऱ्हाड केलं. तेव्हाचं माहीम आमच्या टेकडीहून फार लांब नाही. मधे माटुंग्याकडची शेतं आणि माड, टेकडीच्या पूर्वेला खाजण आणि मिठागरं. शहर म्हणजे कोट आणि त्याबाहेरचं गिरगाव-भेंडी बाजार. इकडे सगळा खेडवळ मुलूख. मिशनऱ्यांना तो मुलूख मानवला नाही म्हणावं, तर शहरही मानवलं नाही. सॅम्युएल न्यूवेल १८२१मध्ये पटकीनं गेला. जॉन निकल्स १८२४च्या डिसेंबरात, एडमंड फ्रॉस्ट १८२५मध्ये, आणि खुद्द गॉर्डन हॉल मार्च १८२६मध्ये नाशिकच्या फेरीवरून परतताना वाटेतल्या एका खेड्यात पटकी होऊनच. याच काळात, १८२४ साली, मिशननं मुंबईत मुलींची पहिली शाळा उघडली होती. शाळांची संख्या वाढत होती आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बायका नवऱ्यांना पुरून मायदेशी परतत होत्या किंवा दुसरीकडे जात होत्या. मुंबईनं बॉस्टनला कळवलं की केवळ शाळा पाहील अशी एक बाई पाठवा, पाद्र्याची बायको नको.

तिकडे अशा बाया होत्या. का होत्या, त्याचं उत्तर मार्लबरोसारख्या गावांतच मिळतं. दगडाळ जमीन पिढ्यांच्या वाटण्यांना पुरेना. १८१५च्या एप्रिलमध्ये जावाच्या पूर्वेकडच्या सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षीचा उन्हाळा हरपला. न्यू इंग्लंडमध्ये जूनमध्ये बर्फ पडलं, जुलै-ऑगस्टमध्ये दहिवर पडून मका करपला. सिंथिया तेव्हा एकवीस वर्षांची. त्यानंतर तरुण पोरं गाडे भरभरून पश्चिमेला ओहायोकडे निघाली आणि गावांत लग्नाच्या वयाच्या मुली मागे राहिल्या. या मुली लिहित्या-वाचत्या होत्या. उन्हाळी शाळा चालवायला गावांना त्या परवडत, कारण पुरुष मास्तराच्या मानानं त्यांना पगार फारच थोडा द्यावा लागे. सिंथियानंही अशीच वर्षानुवर्षं शाळा शिकवली होती. लग्न झालेल्या बाईला तेव्हाच्या कायद्यात स्वतःचं असं काही नसे, पैसा नवऱ्याचा, सही नवऱ्याची. अविवाहित बाईला निदान स्वतःच्या नावानं मुंबईला जाता येत होतं. बरोबरचे सायरस स्टोनही तिच्याच गावचे, म्हणजे त्या एवढ्याशा डोंगरी गावानं एका जहाजावर एकाहून जास्त माणसं मुंबईला धाडली होती. स्टोन यांची पत्नी अटोसा १८३३मध्ये मुंबईतच वारली.

अमेरिकेतून परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित मिशनरी बाई असा मान बरेचदा सिंथिया फरार यांना देतात. तो त्यांचा नाही. त्यांच्या पाच वर्षं आधी, १८२२मध्ये, बेट्सी स्टॉक्टन हवाई बेटांकडे निघाली होती. बेट्सी काळी; प्रिन्स्टनच्या स्टॉक्टन घराण्यात गुलाम म्हणून १७९८च्या सुमारास जन्मली. पुढे मुक्त झाली, मालकाच्या ग्रंथालयात वाचत शिकली आणि एका मिशनरी जोडप्याबरोबर हवाईला गेली. तिच्या करारात घरकामही होतं आणि मिशनचं कामही. तिनं तिथे सामान्य रयतेच्या मुलांसाठी शाळा घातली. आडनाव मालकाचं. वर्षही ‘सुमारास’, दिवस तर नाहीच. मार्लबरोत ज्या काळी शेतकऱ्याच्या प्रत्येक पोराचा जन्म तारखेसकट लिहिला जात होता, त्याच काळातली ही गोष्ट.

मुंबईत मिस फरार यांच्या हाती ज्या शाळा आल्या, त्या आजच्या डोळ्यांनी पाहिल्या तर शाळा वाटणार नाहीत. कुणाच्या ओसरीवर, भाड्याच्या खोलीत पंधरा-वीस मुली आणि शिकवायला पंतोजी, बहुधा ब्राह्मण, कारण शिकलेली बाई आणायची कुठून? पगार पाद्र्यांचा, धडे पाद्र्यांच्या छापखान्यातले, आणि शिकवणारा मात्र घरी जाऊन संध्या करणारा. बाईंचं काम शाळा ते शाळा फिरून हजेरी घेणं, वाचून घेणं, शिवण शिकवणं, आयांची समजूत घालणं. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की सासरी जायची आणि शाळा तिथेच संपायची. तरीही दोनेक वर्षांत या शाळांतल्या मुलींची संख्या चारशेच्या घरात गेली. मिशनरी जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट १८२९मध्ये आल्या, त्यांनीही मुलींच्या शाळा काढल्या. मुंबईत मुलींनी अक्षर गिरवणं हळूहळू पाहण्यातलं झालं. बाईंचा हेतू मुली ख्रिस्ती व्हाव्यात हाच होता, तो झाकायचं कारण नाही. त्यांनी तो कधी झाकला नव्हता आणि पालकांनाही तो कळत होता. पालक मुलीला अक्षर शिकवून घेत आणि धर्माची गोष्ट आली की घरी बोलावून घेत.

या चारशे मुलींची मिशनच्या अहवालात नोंद आहे ती अशी: शाळा इतक्या, मुली इतक्या, वाचणाऱ्या इतक्या. मला वंशावळींच्या शोधात सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याच ओळीपाशी. ज्या गावात प्रत्येक मुलीचं नाव लिहून ठेवतात त्या गावची बाई आली, आणि तिच्या मुली बॉस्टनला गेल्या त्या आकडा होऊन. बाईंच्या हातच्या हजेरीपटावर नावं असणारच. पण छापील अहवालावर पैसे देणाऱ्या देणगीदारांना संख्या हवी होती. भेंडी बाजारातल्या एखाद्या कासाराच्या किंवा माळ्याच्या घरात ‘आमच्या पणजीची पणजी गोऱ्या बाईच्या शाळेत जायची’ अशी आठवण आज कुणी सांगितली, तर ती पडताळायला कागद नाही. आणि असता, तरी आपण तो बापाकडूनच वर चढत शोधला असता.

१८३७मध्ये प्रकृती ढासळली म्हणून मिस फरार मायदेशी गेल्या. दोन वर्षांनी परत आल्या त्या अहमदनगरला. मिशननं तिथे १८३१पासून ठाणं केलं होतं. पुढची बावीस-तेवीस वर्षं त्यांनी तिथेच मुलींच्या शाळा चालवल्या. इथे त्यांच्या गोष्टीत जोतिराव येतात. पुण्याहून एका मित्राबरोबर ते नगरला आले, मिस फरार यांच्या शाळा पाहिल्या, मुलींना शिकवण्याची पद्धत त्यांना आवडली. ही हकीगत त्यांनी स्वतः मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाला सांगितली आणि ती १८५३च्या सप्टेंबरात छापून आली. पुण्यात परतून १८४८मध्ये त्यांनी भिड्यांच्या वाड्यात शाळा काढली. सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतल्याचं चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंचं गाव आपल्याला पक्कं माहीत आहे: सातारा जिल्ह्यातलं नायगाव, बाप खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मी, जन्म ३ जानेवारी १८३१. पाटलाची लेक होती, म्हणून निदान एवढं.

मिस फरार २५ जानेवारी १८६२ला नगरला वारल्या. न्यू इंग्लंडच्या घराण्यांच्या ग्रंथांत अविवाहित मुलीच्या नावापुढे ‘अविवाहित’ असं लिहितात आणि पुढच्या ओळीवर तिच्या भावाचा वंश सुरू होतो. आपल्याकडच्या कागदात तिची तेवढी ओळही आली नसती. वंशावळी जमवण्याचं वेड अमेरिकेत आज इतकं आहे की यूटामधल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी जगभरची दप्तरं सूक्ष्मपटांवर उतरवली आहेत, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार मेलेल्या पूर्वजांनाही दीक्षा देता येते. त्यासाठी नावं लागतात. त्यांनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा टिपल्या. शीव कोळीवाड्यातल्या माझ्या शेजाऱ्यांचे आजे-पणजे अशा रीतीनं सूक्ष्मपटांबरोबर अमेरिकेतल्या डोंगराखालच्या साठ्यात जाऊन बसले असणं अगदी शक्य आहे.

मुलींच्या शाळेची साखळी मात्र नगरवरून पुण्यात गेली आणि तिथून पुन्हा मिशनच्याच कागदावर आली. फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि ‘ज्ञानोदय’नं तो दोन भागांत छापला, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५. ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मिशनचं, नगरला १८४२मध्ये निघालेलं. मुक्ताकडे नामावळी नव्हती, हेळवी नव्हता, कारकुनाची वही नव्हती. तिनं पूर्वज सांगितले ते असे: ज्यांच्या जमिनी बळकावून त्यांना हुसकून लावलं ते, इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून ज्यांना पुरलं ते, पेशवाईत तालीमखान्यापुढून गेले म्हणून ज्यांची मुंडकी चेंडूसारखी खेळवली ते, आणि ज्या बायकांना बाळंतपणात अंगावर छप्पर नव्हतं त्या. बायका तिनं यादीतून वगळल्या नाहीत. मग तिनं मांग-महारांना शिकायला सांगितलं.